खर्ज

वारज्यात दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय चौदाच्या खोलीत
माझ्या दोन पेट्या, पाच इंची कोनाच्या.
जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून आणलेल्या,
एकीच्या जाळीवर चहाचा डाग, तो आमचा नाही.
तबला लावला की उजवा लख्ख ऐकू यायचा:
ना, ना, ना.
डग्गा म्हणायचा, घे,
आणि हातात काही पडायचं नाही.

खर्ज या शहरात कमी आहे असं नव्हे.
नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला
की आमची तावदानं महिनाभर थरथरतात.
फक्त माझ्या खुर्चीपर्यंत तो येत नाही.

तपकीर गल्लीत बोराशेठ म्हणाले,
खर्ज हवा तर खर्च हवा साहेब,
एका अक्षराचा तर फरक.
सबवूफर दाखवला, पिंपाएवढा.
मला खालचे टिळेकर दिसले,
जिन्यात चप्पल वाजली तरी चिठ्ठी लिहिणारे.
मी दोन मीटर जाड तार घेतली आणि निघालो.

तार बदलली. लाल लालला, काळी काळीला.
तेवढा संसार आधीपासून सुलटच होता.
कात्रजच्या वखारीतून शहाबादीचे दोन तुकडे,
समोरच्या बांधकामावरून वॉचमनला विचारून डबाभर वाळू,
ती स्टँडच्या पोकळ पायांत भरली.
पेट्या भिंतीकडे सरकवल्या, आधी वीतभर, मग चार बोटं.
आता भिंत बोलायला लागली, पण भिंतीसारखीच,
तोंडात घास असल्यागत.
मागच्या भोकात मोजा कोंबला, तर होता तोही गेला.
शैलजा म्हणाली, मोजा माझा होता.

धाकटा मेव्हणा म्हणाला, पेट्या सोड,
खोलीत हिंड. कुठंतरी साचला असेल.

साठीला दोन वर्षं कमी,
वाटी झिजल्याचा दाखला कपाटात,
आणि मी फरशीवर चार पायांवर,
कान सोफ्याच्या हाताइतका उंच धरून.
टीपॉयपाशी काही नाही.
खिडकीशी होता थोडा, पण त्यात पीएमटीचं इंजिन मिसळलेलं.
खोलीच्या बरोबर मध्यावर, जिथं माझी खुर्ची,
तिथून डग्गा असा गायब
जसा हातउसने नेलेला माणूस.

तसाच रांगत गेलो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.
तिथं तांदळाच्या पिंपाला टेकून
ती दहावीच्या भूमितीचे पेपर तपासत होती.
आणि तिथं होता.
पूर्ण. गोल.
तळहाताच्या टाचेनं दाबत नेलेला,
पिंपाच्या पत्र्याला अगदी बारीक झिणझिणी.

हे तुला रोज असं ऐकू येतं?
लाल पेन न थांबवता ती म्हणाली,
मला वाटलं तुला असंच आवडतं, जरा घुमणारं.
म्हणून बोलले नाही.

अकरा वर्षं.
एकाच खोलीत दोन वेगळे तबले वाजत होते,
आणि माझ्या वाटणीला नुसता ना.

खुर्ची तिथं नेली तर दार लागत नाही.
पिंप हलवला तर माझी पाठ वळताच जागेवर येतो.
शेवटी खुर्ची हातभर मागे सरली,
डग्ग्याला जरा अंग आलं,
बोराशेठच्या पिंपाइतकं अर्थात नाही.

काल टिळेकरांनी जिन्यात गाठलं.
संध्याकाळी आमच्या छताला काय होतं हो?
मी चाचरलो.
नाही, तीनतालच आहे ना, म्हणाले.
मी खाली मात्रा मोजत असतो.

पण तुकडा समेवर येताना ऐकायचा असला
तर मी उठून दाराशी जाऊन बसतो.
ती पेपरांचा गठ्ठा वीतभर पलीकडे सारते,
वर न बघता.
डग्गा म्हणतो, घे.
गुडघे कुरकुरतात,
पण घेतो.